नारायण विनायक जगताप यांची कथा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत एक हस्तलिखित आलं. कथेचं नाव 'कृष्णविवर', लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी या कथेला पहिला नंबर दिला. जगताप नावाच्या या लेखकाबद्दल आधी कुणी ऐकलं नव्हतं आणि नंतरही त्यांना कुणी पाहिलं नाही, कारण ते अस्तित्वातच नव्हते. ना. वि. ज. ही आद्याक्षरं उलटीकडून वाचा. ज. वि. ना. जयंत विष्णू नारळीकर.

आज नारळीकर म्हटलं की विज्ञानकथा आठवतेच, त्यामुळे यातली गंमत पटकन लक्षात येत नाही. तेव्हा कथालेखक म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं. शास्त्रज्ञ म्हणून मात्र घराघरात ओळखत होते. केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्यासोबत त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, १९६५ साली वयाच्या सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण मिळालं, १९७२ मध्ये ते भारतात परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. अशा माणसाचं नाव कथेवर असतं तर परीक्षकांनी काय केलं असतं? एक तर बक्षीस देऊन मोकळे झाले असते, नाहीतर 'शास्त्रज्ञाला काय कळतंय साहित्यातलं' म्हणून बाजूला ठेवली असती. दोन्ही वेळा कथा वाचायची राहूनच गेली असती.

कथेची सुरुवात झाली अहमदाबादला. एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चाललं होतं आणि नारळीकरांनी समोरच्या कागदावर गोष्ट लिहायला घेतली. (मीटिंगमध्ये लॅपटॉप उघडा ठेवून भलतंच काहीतरी टाइप करणाऱ्यांना हे सांगायला नको.) कृष्णविवराजवळ काळ सावकाश सरकतो, या कल्पनेवर ती बेतलेली होती. पाठवायची वेळ आली तेव्हा नुसतं नाव बदलून भागणार नव्हतं, कारण हस्ताक्षर ओळखलं जाण्याची शक्यता होती. म्हणून कथेची प्रत मंगलाताईंच्या अक्षरात झाली. मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ. म्हणजे मराठी विज्ञानकथेतला हा टप्पा एका गणितज्ञ बाईच्या हस्ताक्षरात लिहिला गेलाय, हे कुठे फारसं ठळकपणे सांगितलं जात नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे मला या प्रसंगात सगळ्यात आधी एक टेस्ट दिसते. एखादी गोष्ट कशामुळे चालते हे कळायचं असेल तर एका वेळी एकच घटक बदलायचा आणि बाकीचे तसेच ठेवायचे. नारळीकरांनी 'नाव' हा घटक काढून टाकला आणि उरलेलं कसं चालतं ते पाहिलं. मराठीत कुठल्या प्रकारची गोष्ट लिहावी आणि ती लिहिल्यावर लोक काय म्हणतील, याची इतकी स्वच्छ चाचणी दुसरी माझ्या माहितीत नाही.

टोपणनावं आपल्याकडे ढिगाने आहेत, पण त्यामागची कारणं वेगळी असत. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात सरळ लिहिलेलं होतं. महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला आणि ही शिरूरकर कोण याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यांचं टोपणनाव ही ढाल होती. नारळीकरांना कसलाच धोका नव्हता. त्यांना फक्त मोजमाप करायचं होतं.

बंगालीत मात्र याचा जवळजवळ सख्खा भाऊ सापडतो. १८९६ साली कुंतलीन नावाच्या केसांच्या तेलाच्या कंपनीने कथास्पर्धा घेतली. अट अशी, की कथेत तेलाचा उल्लेख यायला हवा. पहिलं बक्षीस मिळालेल्या कथेत समुद्रावरचं वादळ तेलाच्या बाटलीने शमतं. लेखकाने नाव दिलं नव्हतं. तो लेखक म्हणजे जगदीशचंद्र बोस. एवढा मोठा भौतिकशास्त्रज्ञ तेलाच्या जाहिरातीसाठी कथा लिहितो आणि नाव लपवतो, यात लाज किती आणि खोडकरपणा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तरी खोडकरपणाच जास्त दिसतो.

नारळीकरांच्या बाबतीत पुढे जे झालं ते बोसांच्या वाट्याला आलं नाही. १९७५ च्या अखेरीस कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि देशात आणीबाणी. ते संमेलन लक्षात राहिलं ते दुर्गाबाईंनी भर मंडपात जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण त्याच संमेलनात अध्यक्षांनी 'कृष्णविवर'चं नाव घेऊन कौतुक केलं होतं. स्पर्धेतली एक कथा, कालपर्यंत साहित्यात कुणाच्या खिजगणतीत नसलेला प्रकार, आणि उल्लेख थेट संमेलनाच्या व्यासपीठावरून.

दुर्गाबाईच का, याचा मी बराच विचार केलाय. त्या लोकसाहित्याच्या अभ्यासक. राक्षस, परी, बोलणारी झाडं, एका रात्रीत शंभर वर्षं झोपणारी माणसं यांच्या कथा त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या आणि गांभीर्याने वाचल्या. कृष्णविवराजवळून परतलेल्या माणसाचं वय इतरांपेक्षा कमी भरतं, हे त्यांना परकं का वाटेल? शिवाय घरात विज्ञान होतंच. त्यांच्या सख्ख्या बहीण कमला सोहोनी यांनी केंब्रिजमधून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. हा माझा अंदाज आहे, पण शुद्ध वास्तववादी टीकाकार त्या खुर्चीत असता तर त्याने ही कथा नजरेआड केली असती असं मला वाटतं.

मग 'किर्लोस्कर'सारख्या मासिकांतून नारळीकरांच्या कथा येत गेल्या आणि १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह निघाला. त्यांच्या बरोबरीने आणि पाठोपाठ बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर. १९९३ साली नॅशनल बुक ट्रस्टने भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला तेव्हा त्याचे संपादक फोंडकेच होते. आपण ज्याला मराठी विज्ञानकथा म्हणतो ती बऱ्याच अंशी या पिढीची.

मला खटकतं ते इथून पुढे. टेस्टमध्ये एक घटक काढला गेला, पण दुसरा तसाच राहिला होता. स्पर्धा कुणाची होती? मराठी विज्ञान परिषदेची. १९६६ मध्ये स्थापन झालेली, मराठीतून विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठीच उभी राहिलेली ही संस्था. तिचं काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिच्या दारातून आत आलेली कथा येतानाच गळ्यात ओळखपत्र घालून आली: मी उपयोगाची आहे, माझ्यामुळे लोकांना विज्ञान कळतं.

हे काही परिषदेनेच सुरू केलं असं नाही. १९०० साली 'केरळकोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचं मराठी रूप येत होतं, 'चंद्रलोकची सफर'. मनोरंजनातून ज्ञान हा तेव्हापासूनचा करार. साखरेत घोळलेली गोळी ही उपमा विज्ञानकथेबद्दल बोलताना हमखास येते. नारळीकरांचाही आग्रह होता की कथेतलं विज्ञान आपल्याला माहीत असलेल्या नियमांशी सुसंगत हवं, नुसती जादू नको. लेखकाने स्वतःला घालून घेतलेली शिस्त म्हणून मला हा आग्रह आवडतो. पण वाचणाऱ्यांनी आणि समीक्षकांनी त्याचा मापदंड केला. कथा चांगली का, तर विज्ञान बरोबर आहे म्हणून. परिणाम काय झाला? त्या काळातल्या कितीतरी कथांमध्ये दोनच पात्रं असतात. एक शास्त्रज्ञ, आणि दुसरं 'म्हणजे नेमकं काय, सर?' असं विचारण्यापुरतं जन्माला आलेलं. सर दोन पानं बोलतात. मग चहा येतो.

ज्यांच्याकडे असं ओळखपत्र नव्हतं त्यांचं काय झालं ते पाहा. बाबूराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या या माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, इतक्या की गिनीज बुकात नोंद झाली. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांची पात्रं एका अख्ख्या पिढीला तोंडपाठ होती. गावोगावच्या वाचनालयांत सगळ्यात आधी फाटायची ती यांची पुस्तकं. आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत ज्ञानेश्वरी वर आणि अर्नाळकर खाली असे. पेटीतला क्रम हीच त्यांची समीक्षा होती. पण वाचायचा क्रम उलटा होता, हे आजीने मला सांगितलंय.

नारायण धारपांची गोष्ट आणखी बोलकी आहे. रसायन तंत्रज्ञान शिकलेला हा माणूस म्हणजे आपल्याच जातकुळीतला, डिग्री एक आणि लिहायचं दुसरंच. त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या, पण लोकांच्या लक्षात राहिले ते भयकथांचे धारप. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून झोप उडालेल्यांची संख्या महाराष्ट्रात लाखांत असेल. तरीही ते २००८ मध्ये गेले तेव्हा मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला जेमतेम एखादं वाक्य होतं. मग २०१८ मध्ये 'तुंबाड' आला. राही अनिल बर्वेंच्या या सिनेमाचं बीज धारपांच्या कथेतलं आहे. २०२४ मध्ये तो परत थिएटरात लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. माझ्या ऑफिसातले ज्यांनी आयुष्यात मराठी पुस्तक उघडलं नाही ते धारपांबद्दल विचारू लागले. विशेष म्हणजे सिनेमाचं नाव आलं श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, म्हणजे प्रतिष्ठित कादंबरीवरून, आणि आतली भीती धारपांची.

भीतीचा उपयोग काय, हे कुणाला सांगता आलं नाही, म्हणून धारप बाहेर राहिले. विज्ञानाचा उपयोग सांगता आला, म्हणून नारळीकर आत आले. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे लेखनप्रकाराला जागा मिळते ती त्याच्या कामावरून, गोष्टीवरून नाही. आणि आत आल्यावरसुद्धा जागा पूर्ण मिळते का? नारळीकरांना २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला, कथांना नव्हे. २०२१ मध्ये ते नाशिकच्या ९४ व्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. शास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार त्या पदावर पहिल्यांदाच. कऱ्हाडनंतर तब्बल सेहेचाळीस वर्षांनी. तेव्हा त्यांची तब्येत इतकी खालावली होती की ते नाशिकला जाऊ शकले नाहीत. २० मे २०२५ ला ते गेले.

आता थोडं आमच्याकडचं. मी सिल्लोडचा. 'कृष्णविवर'ला बक्षीस मिळालं त्या वर्षी आमच्या मराठवाड्यात काय चाललं होतं? १९७२ च्या दुष्काळातून माणसं नुकतीच उठत होती. आमच्या आजीने त्या वर्षात खडी फोडली, आणि हे सांगताना तिचा आवाज अजूनही बदलतो. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन पेटलं. पोरं रस्त्यावर उतरली ती नोकऱ्यांसाठी आणि रुंद रेल्वेमार्गासाठी. त्या वर्षात कृष्णविवराची काळजी कुणी करावी? हा प्रश्न मला कुणी विचारायच्या आधी मी स्वतःलाच विचारून ठेवलाय, कारण तो विचारला जातोच.

आमच्या भागाने मराठीला दिलं ते फार मोठं आहे. शेजारच्या सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर, १९६७ च्या 'रानातल्या कविता'पासून. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा'. छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श', ज्याने दलित साहित्याला घर दिलं. त्याच शहरातल्या विद्यापीठात भालचंद्र नेमाडे शिकवत होते. लघुकथा हाच मुळी दुय्यम वाङ्मयप्रकार आहे असं म्हणणारे नेमाडे. म्हणजे आमच्याकडे कथा लिहिणारा आधीच एक पायरी खाली, आणि त्यात विज्ञानकथा लिहिली तर जिनाच संपला.

या सगळ्यामुळे झालं असं की सिल्लोडच्या पोराने काय लिहायचं ते त्याने पेन उचलायच्या आधीच ठरलेलं असतं. मी लिहितो म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो, "ग्रामीण का?" दुसरा येत नाही. मका, कापूस, मिरचीचे पडलेले भाव, बापाचं कर्ज, बँकेची नोटीस. नारळीकरांच्या पाकिटावर नाव लपवलेलं होतं. माझ्या पाकिटावर गावाचं नाव असतं आणि वाचणारा त्यावरूनच आत काय असेल ते ठरवतो. एका संपादकांनी माझी कथा परत करताना अगदी प्रेमाने कळवलं, की तुमच्याकडे अनुभवाचं एवढं अस्सल भांडवल असताना तुम्ही पर्यायी इतिहासाच्या फंदात का पडता. मामा जास्त थेट बोलले, "आपल्याकडं लिहायला काय कमी आहे का? शेतकऱ्याचं तुम्ही नाही लिहायचं तर कोणी लिहायचं? पुण्याच्यांनी?"

मामांच्या प्रश्नात दम आहे, तो मला झटकता येत नाही. लिहिणारे मुळात थोडे, त्यातला एक चंद्रावर निघाला तर गावाच्या वाट्याला काय? पण या प्रश्नाच्या पोटात एक गृहीतक आहे, की विज्ञानकथा म्हणजे इथून निघून जाणं. सुबोध जावडेकरांचं 'आकांत' वाचलेला माणूस असं म्हणणार नाही. आयआयटीत शिकलेल्या या रसायन अभियंत्याने भोपाळच्या वायुकांडावर कादंबरी लिहिली. टाकी, वायू, व्हॉल्व्ह, दाब यांची भाषा ज्याला येते तोच ते दुःख त्या बाजूने सांगू शकतो. तिथे विज्ञान साखरेत घोळलेलं नाही, तेच विष आहे.

मला वाट सापडली ती मात्र नारळीकरांच्याच 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती वाचली असेल, नाव माहीत नसतानाही. अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात अनेक वर्षं 'द ॲडव्हेंचर' नावाचा धडा होता, तीच ती. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका ट्रकच्या अपघातानंतर अशा मुंबईत पोचतात जिथे मराठे १७६१ चं पानिपत जिंकलेले असतात. का जिंकले? विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली. तेवढाच फरक. तिथून पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळा.

ही कथा शाळेत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्यातलं क्वांटम काही कळलं नव्हतं, आणि आज वाटतं ते कळायची गरजही नव्हती. कळली ती गोळी. एका अटीवर सगळा कोड दुसऱ्या फांदीवर जातो, हे पुढे कॉलेजात प्रोग्रामिंग शिकताना मी नव्याने शिकलो, पण पाया तिथे घातला गेला होता. आणि आणखी एक गोष्ट कळली. ही कथा भविष्याची नाही, अंतराळाचीही नाही. ती एका मराठी माणसाची पानिपतवरची हळहळ आहे. अडीचशे वर्षं आपण जे चहाच्या टपरीवर करतो, 'विश्वासराव पडले नसते तर', तेच नारळीकरांनी गणिताच्या शिस्तीत केलं. कुणी म्हणालं का त्यांना, की हे आपल्या मातीतलं नाही?

पानिपत दूर आहे. आम्हाला असई जवळ. सिल्लोडहून भोकरदनच्या बाजूला निघालं की तासाभराच्या आतबाहेर येतं, जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेला हरवलं. हाच पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. म्हातारपणीही तो आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घ्यायचा. मराठ्यांकडे माणूसबळ कितीतरी जास्त, तोफा शंभराच्या आसपास, कवायती पायदळ पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली तयार. मध्ये केळणा नदी. वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं होतं की इथे नदी ओलांडता येत नाही. त्याने पाहिलं की नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं आहेत. इंग्रजी नोंदींत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी येतात. दोन गावं अशी समोरासमोर वसलीत म्हणजे मध्ये जायला-यायला वाट असणारच, असा त्याने हिशोब केला. वाट निघाली. फौज पार झाली. संध्याकाळपर्यंत इंग्रजांचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले, पण लढाई मराठ्यांनी गमावली होती.

माझी कथा यावर आहे. तीच, जी संपादकांनी परत केली. तिच्यात वेलस्ली तो हिशोब करत नाही. तो वाटाड्यांवर विश्वास ठेवतो आणि नदीच्या अलीकडेच थांबतो. संध्याकाळ होते. तिथून पुढे २०२० पर्यंतचं एक दुसरं सिल्लोड मी बांधलंय, ज्यात आमच्या आजीला खडी फोडावी लागली की नाही हा मुख्य प्रश्न आहे. म्हणजे मामा म्हणतात ते मी लिहितोच आहे. फक्त १८०३ पासून लिहितोय.

गेल्या उन्हाळ्यात मी ती अण्णांना, म्हणजे वडिलांना, वाचून दाखवली. ते कथा वाचत नाहीत, पेपर वाचतात. ओसरीवर मिरचीचे देठ खुडता खुडता त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मला वाटलं, आता तेच येणार, शेतीवर का लिहीत नाहीस.

ते म्हणाले, "हे दोन गावाचं त्या इंग्रजाला कळलं, यात त्याची काय हुशारी रे? समोरासमोर गावं असली की मधी उतार असतोच. पोरी दिलेल्या असतात ना इकडून तिकडं. बैलगाडी जात असती. हे तर कोणबी सांगंल."

मी म्हणालो, "अण्णा, पण वाटाड्यांनी नाही सांगितलं त्याला."

"मग ते मुद्दामच नसतील बोलले," अण्णा म्हणाले. "तू त्यांचं लिही. इंग्रजानं काय केलं नाही ते काय लिहितोस. आणि ज्यांना उतार माहीत होता, त्या शिंद्यांच्या लोकांनी तिथं पहारा का नाही ठेवला, ते आधी सांग."

तो उतार त्या दिवशी खरोखरच जवळजवळ मोकळा होता. त्याचं पटणारं कारण मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. कथेची तिसरी आवृत्ती आता त्या वाटाड्यांपासून सुरू होते. दोघं आहेत. त्यातल्या एकाची बहीण नदीपलीकडच्या गावात दिलेली आहे.